पहिला घाणा बरा, तिसरा कच्चा

पितृपंधरवड्यात लोक नवी वस्तू घेत नाहीत, जुनीच दुरुस्त करून घेतात. त्यामुळे दुकानदार माशा मारत बसलेले असतात आणि आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांचा फोन वाजत असतो. गेल्या वर्षी सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी पुण्यात सहकारनगरातल्या एका बाईंचा असाच फोन आला.

"केक मधे बसतोय. कडेनं छान फुगतो आणि मधोमध खळगा. सुरी घातली की ओली बाहेर येते."

बाई ओळखीच्या. बँकेत कॅशियर होत्या, आता निवृत्त. घरच्या घरी केक आणि बिस्किटांच्या, दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घेतात. ओव्हन ओट्याखालच्या कपाटात बसवलेला, आकड्यांचा डिस्प्ले असलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पंख्याची मोटर मीच बदलली होती. मी त्यांना ताई म्हणतो. त्या मला नुसतंच 'अहो' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो. ओव्हन थंड होता. आमचं काम ठरलेलं असतं. आधी मेन स्विच बंद करायचा. मग दाराच्या चौकटीतले दोन स्क्रू काढून ओव्हन पुढे ओढायचा आणि मागचा पत्रा उघडायचा. एलिमेंट तपासले. खालचं ४८ ओहम, पंख्याभोवतीचं गोल २६ ओहम, दोन्ही बरोबर. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून चारी बाजूंनी ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट धरत होती. राहिला सेन्सर.

सेन्सर म्हणजे ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीतून वरच्या कोपऱ्यात डोकावणारी पेन्सिलीहून बारीक स्टीलची नळी. तिच्या टोकाला आत प्लॅटिनमचा एक कण असतो. कणच म्हणायचा, कारण आता तार नसते, तांदळाएवढ्या सिरॅमिकच्या तुकड्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. हा प्लॅटिनम तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि तो अगदी शिस्तीत वाढतो. शून्य अंशाला १००० ओहम, शंभर अंशाला १३८५. दर अंशाला पावणेचारच्या आसपास. सगळ्या ओव्हनना हाच सेन्सर असतो असं नाही. काहींत उलट्या चालीचा असतो, तापला की विरोध कमी होणारा. साध्या ओटीजीत तर तांब्याची केसासारखी नळी आणि तिच्यात द्रव एवढाच कारभार. पण या ओव्हनला प्लॅटिनमचाच होता आणि माझ्या बॅगेत त्याचा तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला असतो.

सेन्सरच्या वायरचा दोन पिनांचा कनेक्टर सुटा केला, मल्टिमीटर लावला. ११०९. खोलीत २८ अंश होते. तक्त्यात २८ समोर ११०९. याहून निरोगी सेन्सर कुठला?

"ताई, ओव्हन ठणठणीत आहे," मी सांगितलं. "मैद्याची जात बदलली असेल. पावसाळ्यात मैदा ओल धरतो. बेकिंग पावडर जुनी आहे का बघा."

त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावर एक लांबट वही होती, बँकेत असते तशी, लाल पाठीची. तिच्यावर त्यांचा हात होता. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, म्हणाल्या, "मी लिहून ठेवलंय सगळं." मी म्हटलं, "असू दे असू दे," आणि व्हिजिटचे पैसे घेऊन निघालो. पुढच्या कॉलला उशीर होत होता.

संध्याकाळी फोन. "अहो, साखर कितीला वितळते?"

मला काय माहीत? मी म्हटलं, बघून सांगतो.

"मी बघितलंय. १८६ च्या आसपास. मी ओव्हन २०० ला लावला, तापू दिला, दोन ट्रे बिस्किटं काढली आणि मग फॉइलच्या वाटीत दोन चमचे साखर ठेवली. वीस मिनिटं झाली. कोरडी आहे, दाणा न् दाणा सुटा. आता यात मैद्याची जात काय करणार?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी चाचणी मी पंचवीस वर्षांत कुणाला करून दाखवली नव्हती, आणि एका गिऱ्हाइकानं ती माझ्यावरच करून दाखवली होती.

दुसऱ्या खेपेला मी थर्मोकपल घेऊन गेलो. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचं टोक जुळवलेलं असतं, दुसरं टोक मीटरमध्ये. ते टोक ओव्हनच्या सेन्सरला शेजारी तारेनं बांधलं, वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली आणि १८० लावून स्टूल घेऊन बसलो. ओव्हन एका आकड्यावर स्थिर बसत नाही. रिले टक करून एलिमेंट चालू करतो, तापमान थोडं वर जातं, टक करून बंद करतो, मग खाली येतं. त्यामुळे एकदा बघून आकडा सांगणारा माणूस ओव्हनच्या बाबतीत हमखास चुकतो. चार-पाच टक-टक जाऊ द्यावे लागतात. सुरुवातीला मधला आकडा १७६-१७७ येत होता. ठीकच म्हणायचा. ताईंनी चहा दिला. चहा होईपर्यंत १७० झाला. पाऊण तासानं १५८. डिस्प्लेवर मात्र १८०, हिरवेगार, एका जागी.

थंड असताना बरोबर आणि तापल्यावर खोटं. मी लगेच निदान केलं. सेन्सर तापल्यावर सरकतो. जुना झालाय. बदलायचा.

नवा सेन्सर मागवायला चार दिवस गेले, घटस्थापना झाली. जुना काढला, नवा बसवला, कनेक्टर खट करून लावला, पुन्हा थर्मोकपल बांधून तासभर बसलो. १८१, १७९, १८२, १८०. ताईंना मीटर दाखवला. सेन्सरचे आणि मजुरीचे पैसे घेतले. जुना सेन्सर सवयीनं बॅगेत टाकला. त्या दिवशी मी जिना उतरताना शीळ घालत होतो हे मला चांगलं आठवतं.

नानकटाईवरून एक सांगायचं राहून जाईल. आमच्या लहानपणी साताऱ्याला घरात ओव्हन असायचं कारणच नव्हतं. दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर मोजून डबे भरायची आणि आम्ही दोघे भाऊ ते डबे घेऊन बेकरीत नंबर लावायचो. रात्री अकरा-अकरापर्यंत नंबर असे. तिथे पीठ मळून, वळून, काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून भट्टीत जाई. भट्टीवाले चाचा लांब दांड्याचं फावडं आत सारण्याआधी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर फेकायचे आणि बघत राहायचे. मैदा लगेच काळा पडला तर थांबायचे. हळूहळू बदामी झाला तर ट्रे आत. त्यांना तापमानाचा आकडा विचारला असता तर ते हसले असते. पण रात्री अकराचा शेवटचा ट्रे आणि संध्याकाळी सहाचा पहिला ट्रे सारख्याच रंगाचा निघायचा. ते प्रत्येक घाण्याला नव्यानं मैदा फेकायचे.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"अहो, परत तेच. पहिला घाणा बरा, तिसरा कच्चा."

माझं पहिलं मत असं झालं की नवा सेन्सरच खराब निघाला. होतं असं कधीकधी. दुसरं मत, कार्ड गेलंय. आम्ही पीसीबीला कार्ड म्हणतो. कार्डची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट. फोन ठेवताना मी 'कार्ड बदलावं लागेल' म्हणायच्या बेतात होतो. म्हटलं नाही, कारण बॅगेत खालच्या कप्प्यात तो जुना सेन्सर अजून पडलेला होता आणि ज्याला मी दोषी ठरवलं त्याची तपासणी मी कधी केलीच नव्हती, हे एकदम डोक्यात आलं. तापल्यावर सरकतो, असं मी म्हणालो होतो. तापवून कुठं पाहिलं होतं?

त्या रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बर्फाचे तुकडे फडक्यात बांधून बत्त्यानं कुटले, स्टीलच्या पेल्यात दाबून भरले, वरून थोडं गार पाणी घातलं आणि सेन्सरचं नुसतं टोक त्यात खोचलं. नुसता बर्फ चालत नाही. डीप फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, आणि नुसतं गार पाणी शून्याच्या वर. दोन्ही एकत्र राहिले की मिश्रण शून्यावर थांबतं. पाच मिनिटं ढवळत बसलो. आकडा खाली येत येत १००१ वर थांबला. मग पातेल्यात पाणी उकळलं. इथे एक गंमत आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. तक्त्यात ९८ ला १३७७. मीटरवर १३७८ आला.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. चांगला आहे."

"मग तोंड असं का?"

चांगला आहे म्हणूनच. गेली पंधरा वर्षं मी स्वतःचं काम करतो, पण त्याआधी नऊ वर्षं एका सर्व्हिस सेंटरला होतो. तिथे एका कॉलला पाऊण तास मिळायचा. पाऊण तासात ओव्हन तापवून, थांबून, चार-पाच चक्रं बघून निदान होत नाही. पार्ट बदलला की कॉल बंद होतो, जॉब कार्डावर विक्री दिसते, गिऱ्हाइकालाही काहीतरी नवं बसल्याचं समाधान. तिथून बाहेर पडलो त्याचं एक कारण हेच, असं मी लोकांना सांगत असे. आता माझ्या हातात एक ठणठणीत सेन्सर होता आणि मी तो बदलून पैसे घेतले होते.

या खेपेला मी आधी वही मागितली.

वहीत तारीख, पदार्थ, लावलेलं तापमान, मिनिटं आणि शेरा असे रकाने होते. कॅशियरचं अक्षर, एक खाडाखोड नाही. जूनपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' होतं. १४ ऑगस्टला पहिल्यांदा 'मधे ओला, ८ मि. जास्त'. मग १८० चे १९० झालेले, सप्टेंबरमध्ये २००. आणि एकाच दिवशी तीन ट्रे केलेल्या तारखांना, एकदा नाही सात वेळा, एकच शेरा. पहिला ठीक, दुसरा फिकट, तिसरा कच्चा. नवा सेन्सर बसवल्याची तारीख लाल शाईनं. त्यानंतर नऊ दिवस 'ठीक'. मग पुन्हा पहिला ठीक, दुसरा फिकट.

ओव्हन जुना होतो, एलिमेंट कमकुवत होतं, दार गळतं, या सगळ्यात पहिला घाणा वाईट आणि तिसरा बरा असतो, कारण तोवर आतले पत्रे चांगले तापलेले असतात. इथे उलटं होतं. म्हणजे जी काही भानगड होती ती उष्णता मागे, पत्र्यापलीकडे पोचल्यावर सुरू होत होती. हे पहिल्याच दिवशी त्या वहीत होतं आणि मी 'असू दे' म्हणालो होतो. ज्याला संध्याकाळी ताप येतो त्याला डॉक्टर सकाळी तपासून 'काही नाही' म्हणतो, तशी माझी दहा वाजताची, थंड ओव्हनची तपासणी.

या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. पाऊण तास ओव्हन १८० ला ठेवला. माझं थर्मोकपल १५८ सांगायला लागलं तेव्हा मेन बंद केला आणि मागचं काहीही न हलवता, वरच्या बाजूला कार्डावर जिथे सेन्सरची वायर येऊन लागते तिथला प्लग काढून त्या वायरीवर मीटर लावला. १६८५. तक्त्यात १६८५ म्हणजे १८०. कार्ड बिचारं बरोबर होतं, त्याला जे दिसत होतं तेच ते सांगत होतं. पण १५८ अंशाच्या प्लॅटिनमनं १६०३ दाखवायला हवं. वरचे ८२ ओहम कुठून आले? सेन्सरपासून कार्डापर्यंत दीड हात वायर. चांगल्या वायरीचा विरोध एक ओहमही भरत नाही.

आता मधे उरलं होतं एकच ठिकाण. तो दोन पिनांचा कनेक्टर.

ओव्हन बाहेर ओढला, निवू दिला, कनेक्टर बॅटरीच्या उजेडात धरला. त्याच्या कडेवर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. मी ज्या ज्या जोडाला हात लावतो तिथे एक ठिपका देतो, म्हणजे पुढच्या वेळी कळतं की आपण हे उघडलं होतं. ठिपका जुना, कडेनं तडकलेला होता. दोन वर्षांपूर्वी पंखा बदलताना मी हा कनेक्टर सोडवला होता. कसा, तेही समजलं. कनेक्टरच्या घरावर, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोळीवर, बोट रोवून कुलूप दाबून काढायचा असतो. घाईत मी वायर धरून ओढला होता. एका वायरीच्या टोकाची धातूची लग घरातून अर्धा मिलिमीटर मागे सरकली होती आणि तिची पकड तोंडाशी फाकली होती. पिन आत जात होती, खट असा आवाजही येत होता, पण धरत नव्हती, नुसती टेकत होती. टेकलेल्या जागी हिरवट काळा थर. पदार्थातली वाफ मागे जाते, दोन पावसाळे गेलेले, त्या ढिल्या जागेवर थर चढणारच.

खात्री करायची म्हणून ताईंचा हेअर ड्रायर घेतला. सेन्सर गार, खोलीत २७ अंश, कनेक्टर जोडलेला, मीटर वायरीच्या कार्डाकडच्या टोकाला. ११०५. फक्त कनेक्टरवर गरम हवा सोडली. १११२. ११३०. ११५८. ड्रायर बंद केला की हळूहळू खाली. कनेक्टरला बोटानं टिचकी मारली, एकदम ११०६.

ताई स्टुलावर बसून चष्म्यातून मीटर बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मधला माणूस पैसे खात होता."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ढिला जोड हा आमच्या धंद्यातला रोजचाच आजार आणि तरी मी फसलो. गिझरचा, इस्त्रीचा, ओव्हनच्या एलिमेंटचा जोड ढिला झाला तर तो जळतो. दहा अँपिअर त्यातून जात असतात. प्लॅस्टिक वितळतं, पिन काळी पडते, वास येतो, लहान पोरालाही दाखवता येतं. सेन्सरच्या वायरीतून मात्र अँपिअरच्या हजाराव्या भागाएवढाच प्रवाह जातो. त्यात जळण्याचं बळच नाही. उलट मोठा प्रवाह ठिणगी पाडून असा पातळ थर जाळून टाकतो, हा एवढासा प्रवाह तेही करू शकत नाही. बाहेरून कनेक्टर नव्यासारखा दिसत राहतो. आणि वायर पूर्ण तुटली असती तर ओव्हननंच ओरडून सांगितलं असतं. विरोध अनंत झाला म्हणजे त्याच्या हिशेबानं आत वणवा पेटलाय, मग तो एलिमेंट बंद करून एरर कोड दाखवतो. ८२ ओहमचं खोटं त्याला खोटं वाटत नाही. १८० अंश हे ओव्हनमध्ये असण्यासारखंच तापमान आहे.

मी कसा फसलो तेही सरळ आहे. पहिल्या दिवशी कनेक्टर सोडवून मी सेन्सर मोजला, म्हणजे दोष असलेली एकमेव जागा मोजणीतून स्वतःच्या हातानं वगळली. दुसऱ्या वेळी नवा सेन्सर लावताना कनेक्टर काढून पुन्हा लावला. त्यात पिना एकमेकींवर घासल्या, थर खरवडला गेला आणि नऊ दिवस सगळं 'ठीक' झालं. मला वाटलं नव्या सेन्सरनं काम केलं. काम केलं होतं त्या घासण्यानं.

विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये प्लॅटिनमच्या विरोधावरून तापमान मोजायची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचे थर्मामीटर वापरात आकडा बदलू लागले आणि प्लॅटिनमवर भरवसा नाही असं मत झालं. १८८७ मध्ये केंब्रिजच्या कॅलेंडर यांनी दाखवून दिलं की प्लॅटिनम विश्वासाचाच आहे, तार नीट बसवली आणि घाणीपासून जपली की झालं. हे मला आधी माहीत नव्हतं, या ओव्हननंतर वाचलं. दीडशे वर्षांपूर्वीची माणसंही आधी प्लॅटिनमलाच धरायची, हे वाचून थोडा धीर आला. फार नाही.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. तपकीर गल्लीतून उष्णता सोसणाऱ्या लग आणून ठेवलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या जुन्या कापल्या, नव्या क्रिम्प केल्या, एकेक ओढून बघितली. इथे सोल्डर करायचं नाही, काळी टेपही लावायची नाही. टेप गरम पत्र्याजवळ गोंदासारखी पाघळते. वरून फायबरची स्लीव्ह चढवली, वायर पत्र्यापासून दूर क्लिपमध्ये बसवली. मग ओव्हन १८० ला लावून सव्वा तास बसलो. १७९, १८१. ताईंनी २०० करून साखरेची वाटी ठेवली. अकरा मिनिटांनी कडेचे दाणे ओलसर चमकायला लागले आणि मग मधाच्या रंगावर आले. त्यांनी वाटी चिमट्यानं बाहेर काढून मला दाखवली, मीटरकडे बघितलंही नाही.

मी त्यांना सांगून टाकलं. लाल ठिपका माझा आहे, दोन वर्षांपूर्वी वायर मीच ओढली, जुना सेन्सर चांगला होता. सेन्सरचे आणि दोन्ही खेपांचे पैसे परत ठेवले.

त्यांनी ते मोजले. खरोखर मोजले, अंगठ्याला पाणी लावून. सेन्सरचे आणि मजुरीचे ठेवले, पहिल्या व्हिजिटचे मला परत दिले. "त्या दिवशी तुम्ही आलात आणि तपासलंत. चुकीचं तपासलंत ते वेगळं." मग वही उघडून लाल शाईनं तारीख घातली आणि शेऱ्यात लिहिलं, 'फरक सापडला. ८२.' म्हणाल्या, "आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी सोडायचे नाहीत. आणि बहुतेक वेळा ज्यानं आधी मोजलेलं असतं त्याच्याच गठ्ठ्यात सापडायचे."

तेव्हापासून एक हिशेब मी करतो आणि तो जुळत नाही. पंचवीस वर्षांत मी सेन्सर, स्विच, कार्डं किती बदलली असतील? त्यातली किती खरोखर खराब होती आणि किती ठिकाणी नुसता प्लग काढून परत लावल्यानं मशीन चालू झालं? फ्रीज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, सगळ्यांत असेच पांढरे कनेक्टर असतात. जी मशीनं नऊ दिवसांनी पुन्हा बिघडली त्यांतली काही माझ्याकडे आली, काही दुसऱ्याकडे गेली, काही भंगारात. तिथे वही ठेवणारं कुणी नव्हतं.

आता तुमच्याकडे ओव्हनसाठी कुणी आलं आणि थंड ओव्हनला मीटर लावून दोन मिनिटांत 'सेन्सर गेला' म्हणालं, तर त्याला चहा द्या आणि पाऊण तास बसवून घ्या. सेन्सर बदललाच तर जुना मागून घ्या. तो तुमचा आहे.

ताईंचा जुना सेन्सर मी परत करायला नेला होता. नव्याचे पैसे परत घेतले आहेत, जुना तुम्हीच ठेवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो माझ्या टेबलावर मीटरला कायमचा जोडून ठेवलाय. आज सकाळी १०५५ दाखवत होता. म्हणजे चौदा अंश.